चरकासाठी वनस्पती तेलाचं ग्रीस : गुऱ्हाळवाल्यांनी स्वतः करावं का?

काहिलीवाला (कराड)

राम राम मंडळी. आमचं गुऱ्हाळ कराडजवळ, कृष्णेच्या काठानं. दिवाळी झाली की चुलाण पेटतं ते उन्हाळ्यापर्यंत. आम्ही गूळ बिनहायड्रॉसचा (रंग उजळायची पावडर न घालता) करतो, मळी काढायला भेंडीचं पाणी, चुन्याची निवळी बेताची, आणि गिऱ्हाईक तेवढ्यासाठी लांबून येतं. पण एक गोष्ट मला सारखी खटकतेय. चरकाच्या, म्हणजे ऊस पिळायच्या यंत्राच्या, दात्यांना आणि लाटेच्या (पिळणाऱ्या रुळाच्या) बुशांना, म्हणजे ती ज्यात फिरते त्या कड्यांना, आम्ही बाजारातलं साधं ग्रीस लावतो. चरक दिवसभर चालला की ते तापून पातळ होतं, ओघळतं, थोडं चिपाडावर जातं, थोडं रस गाळायच्या जाळीवर दिसतं, आणि संध्याकाळी चरक धुतला की उरलेलं ओघळीतून सरळ बांधाकडं. म्हणजे काहिलीत (रस आटवायच्या कढईत) काही घालायचं नाही म्हणून एवढा जीव काढायचा आणि रस निघतो तिथंच खनिज तेल, हे बरोबर वाटत नाही मला.

फेस मोडायला काहिलीत एरंडेल नाहीतर शेंगतेलाचे थेंब आम्ही टाकतोच. मग तेच तेल चरकाला का नको? नुसतं तेल लावून बघितलं तर टिकत नाही, खाली गळतं. त्याचं ग्रीस करता येतं का? ग्रीस म्हणजे नेमकं असतं काय? आणि कुणी केलं असेल तर सांगा, ऐकीव नको, हातानं केलेलं सांगा.

पाना_पकड (पलूस)

आधी हे सांग भावा, चरक उभा का आडवा, मोटरवर का डिझेल इंजिनावर, आणि लाटा गनमेटलच्या बुशात फिरत्यात का बेअरिंगवर? ग्रीस म्हणजे एकच वस्तू नसते. लाट हळू फिरते पण दाब प्रचंड, मोटरचं बेअरिंग जोरात फिरतं पण दाब कमी, दोन्हीला एकच डबा लावणारे लई बघितलेत मी.

काहिलीवाला (कराड)

आडवा, तीन लाटांचा, मोटरवर, पट्टा आणि मग दात्यांची चाकं. बुश गनमेटलचे. मोटरच्या बेअरिंगचं मी विचारतच नाहीये, ते बंद असतं, तिथून रसात काही येत नाही.

सांगलीकर_पेठभाग

वाचनखूण साठवली. आमच्या घरासमोर रसवंती आहे, त्यालाही हाच प्रश्न लागू.

औंधची_नात

आमच्या आजोळी बैलगाडीखाली बांबूचा नळा टांगलेला असायचा, त्यात एरंडेल आणि चिंध्या. गाडी करकरायला लागली की आजोबा चाक थोडं बाहेर ओढून आखाला ती चिंधी गुंडाळायचे, कधी त्यात चुलीवरच्या तव्याची काजळी मिसळायचे. पुसेसावळीच्या बाजारापर्यंत जाऊन यायचं त्यावर. त्या हातांना वास यायचा तो अजून ओळखेन मी. तेव्हा एरंडेल चालत होतं म्हणजे चरकालाही चालायला हरकत नसावी, जाणकार सांगतीलच.

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

माझी उमेद ग्रीसच्या कढईपाशी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढं सरका.

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. होय, साबणच. चरबीचं आम्ल आणि अल्कली यांची प्रक्रिया झाली की साबण होतो, तो तेलात गरम करून थंड केला की त्याचे बारीक तंतू तयार होतात आणि त्या तंतूंच्या गुंत्यात तेल अडकून राहतं, कापसाच्या बोळ्यात तेल राहावं तसं. दाब आला की तेल सुटतं, दाब गेला की बरंचसं परत धरलं जातं. साधारण सत्तर ते नव्वद टक्के तेलच असतं, साबण पाच ते वीस, बाकी थोडी औषधं. गंज, दाब, हवा यांच्यासाठी.

आता अल्कली कुठली यावर सगळं फिरतं. सोडा घेतला तर सोडियम ग्रीस, गरमीला बरं पण पाण्यानं धुऊन जातं, चरकाला उपयोग नाही. लिथियम घेतलं तर जगात सगळ्यात जास्त खपणारं ग्रीस, १९४२ सालचं त्याचं पेटंट आहे, वितळबिंदू १८० अंशांच्या वर. आणि चुना घेतला तर कॅल्शियम ग्रीस, पाण्याला घट्ट, स्वस्त, जुनं. जुन्या पद्धतीच्या चुन्याच्या ग्रीसमध्ये थोडं पाणी धरलेलं असतं, ते साठ अंशांच्या पुढं उडायला लागलं की साबण आणि तेल वेगळं होतं. पण एरंडेलापासून निघणारं आम्ल वापरून पाणी नसलेलं कॅल्शियम ग्रीस करता येतं, ते १३०-१४० पर्यंत थेंब सोडत नाही.

आणि गंमत बघा, लिथियम ग्रीसमधला साबणसुद्धा एरंडेलापासूनच येतो. एरंडेलावर हायड्रोजन चढवला की मेणासारखे पांढरे पापुद्रे होतात, त्यातून १२-हायड्रॉक्सी स्टिअरिक आम्ल काढतात, आम्ही त्याला १२-एचएसए म्हणायचो. एरंडीचं पीक जगात सगळ्यात जास्त आपल्या देशात, त्यातही गुजरातेत. म्हणजे जगभरच्या गाड्यांच्या चाकात आपल्या एरंडीचा अंश फिरतोय. मग राहिलेलं ऐंशी टक्के तेल तेवढं जमिनीखालचं का घ्यायचं, हा काहिलीवाल्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

तुमच्या कामाला लिथियमची गरज नाही. चुना बरा. चुना तुम्ही रसात घालताच.

उसाचा_फड (वाळवा)

काका एक नंबर माहिती. माझ्याकडं ऊसतोडीच्या टोळ्यांच्या टायरगाड्या असत्यात, चाकात टेपर बेअरिंग. ह्याच्यात चालंल का हे घरचं ग्रीस? सीझनला डबे जातात नुसते.

पाना_पकड (पलूस)

@उसाचा_फड, नको. टायरगाडीत तीन-चार टन ऊस, रस्ता असा, बेअरिंग गेलं तर गाडी आडवी होते आणि बैलं जातात, माणूसबी जातो. तिथं कंपनीचं लिथियम ग्रीस भर, सील बदल, हंगामाला एकदा चाक खोलून धू. जिथं ग्रीस आत बंद राहतं आणि वर्षभर टिकायला पाहिजे तिथं वनस्पती तेलाचा हट्ट करू नये. जिथं रोज लावायचं आणि रोज सांडायचं, तिथं करावं. चरकाचे दाते, पट्ट्यांच्या साखळ्या, कालव्याची दारं, विहिरीवरचा रहाट, असल्या ठिकाणी.

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

पाना_पकड यांनी एका वाक्यात सांगितलं. परदेशातही ह्याची सुरुवात अशाच जागांपासून झाली. रेल्वेच्या वळणावर रुळाच्या कडेला ग्रीस लावतात, ते सगळं शेवटी खडीत आणि मातीत जातं. अमेरिकेत नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात सोयाबीन तेलाचं ग्रीस रुळांसाठी तयार केलं आणि तिथल्या रेल्वेत वापरात आलं. झाडं तोडायच्या साखळी-करवतीचं तेलही तसंच, फिरतं आणि उडून जातं.

माणदेशी (दहिवडी)

आमच्याकडं करंजीची झाडं ओढ्याकाठी मोप, बिया फुकट पडून असतात. करंजतेल खायचं नाही म्हणजे कुणाच्या ताटातलं जात नाही, मग ग्रीस त्याचंच करा की. नाहीतर करडई, नाहीतर जवस. एरंडेल विकत कशाला आणायचं?

रसायनताई (मिरज)

माणदेशी दादा, जवस आणि करडई दोन्ही नकोत, कारण सांगते. तेलात जेवढे जास्त दुहेरी बंध तेवढं ते हवेतला ऑक्सिजन जास्त ओढतं, मग घट्ट होतं आणि शेवटी रोगण बनतं. जवसात निम्म्याच्या वर लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणूनच ते रंगात घालतात आणि क्रिकेटच्या बॅटला चोळतात. आपल्या नेहमीच्या करडईत लिनोलिक पाऊण हिस्सा. चरकाच्या बुशात हे भरलं तर थोड्याच दिवसांत चिकट पापडी धरेल, लाटच जाम व्हायची. सोयाबीनही तसं मधलंच, परदेशात ग्रीसला ओलेइक जास्त असलेली वाणं घेतात. शेंगतेल त्यातल्या त्यात बरं, ओलेइक बऱ्यापैकी असतं.

एरंडेल सगळ्यांत वेगळं. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल, एकच दुहेरी बंध आणि जोडीला हायड्रॉक्सिल गट. त्या गटामुळं रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल इतकं दाट होतं. चाळीस अंशाला शेंगतेलाची दाटी साधारण ४० सेंटिस्टोक धरली तर एरंडेलाची अडीचशेच्या आसपास. हळू फिरणाऱ्या, दाबाच्या लाटेला दाट तेलच पाहिजे, पाना_पकड दादा सांगतीलच.

करंज बाकी ठीक आहे, ओलेइकही चांगलं आहे, पण त्यात करंजीन असतं, कडू आणि उग्र वासाचं. रहाटाला लावा, दाराला लावा. गुळाच्या चरकाला मुळीच नको.

माणदेशी (दहिवडी)

पटलं ताई. कडू गूळ कोण घेणार. पण मी माझ्या रहाटाला करंजच वापरणार, त्यावर पाणी सोडत नाही. :)

पाना_पकड (पलूस)

दाटीचं ताईंनी बरोबर सांगितलं. लाट मिनिटाला मोजून फिरती, तेवढ्या वेगात पातळ तेलाची फिल्म धरतच नाही, लोखंड गनमेटलला घासतं आणि पिवळी भुकटी पडती. ती भुकटी पण रसाच्या बाजूला जाती हे ध्यानात ठेवा.

अजून एक. तांबं आणि वनस्पती तेल यांचं जमत नाही. गनमेटल म्हणजे तांबं-कथील. तेल आंबलं की बुशाला हिरवट थर धरतो. हंगाम संपला की चरक तसाच ग्रीस भरून पावसाळाभर ठेवायची आपल्याकडं सवय आहे, ह्या ग्रीसला ते चालणार नाही. शेवटचा ऊस गाळला की बुश काढून, पुसून, कोरडे करून ठेवायचे.

लाकडी_घाणा (विटा)

माझा लाकडी घाणा आहे म्हणून लोक विचारतात, एरंडी देतो, काढून द्या. मी कुणालाच काढून देत नाही आणि कुठल्याच खाद्यतेलाच्या घाण्यावाल्यानं देऊ नये. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं, पण माझ्या घाण्यात पेंडीचे कण राहिले आणि पुढं शेंगदाणा टाकला तर? आणि पेंड चुकून जनावरापुढं गेली तर गाय हातची जाते. एरंडेल विकतच घ्यावं, गाळलेलं, खात्रीच्या ठिकाणचं, आणि काहिलीत टाकता तेच चरकाला वापरायचं. बाकी शेंगतेल हवं तेवढं देतो.

मेणबत्ती

एवढं रसायन कशाला? मधमाशीचं मेण आणि तेल गरम करून एकत्र केलं की छान मलमासारखं होतं, मी सायकलच्या साखळीला आणि दाराच्या बिजागरीला लावते. साबण नको, चुना नको.

रसायनताई (मिरज)

मेणबत्ती ताई, बिजागरीला ते उत्तमच. पण मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशाला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. चैत्रात पत्र्याच्या शेडखाली चुलाणाशेजारी चरक, दात्यांवर घर्षण, तिथं ते वाहून जाईल आणि रसात मेण उतरेल. साबणाचे तंतू वितळायला बरंच जास्त तापमान लागतं, म्हणून साबण.

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

आता कृती विचारताय सगळे व्यनि (खाजगी निरोप) करून, तर इथंच लिहितो, म्हणजे चुकलं तर इतर सांगतील.

एक गोष्ट आधी. एरंडेल किंवा शेंगतेल हे स्वतःच असं आहे की अल्कली भेटली की त्याचाच साबण होतो. खनिज तेलाचं ग्रीस करताना ही अडचण नसते, साबण आपल्याला हवा तेवढाच होतो. वनस्पती तेलात चुना जास्त पडला किंवा फार वेळ रटरटलं तर चुना आपलं तेलच खायला लागतो आणि ग्रीस कडक, दाणेदार होतं. म्हणून सुटं आम्ल घ्यायचं, १२-एचएसए. आम्ल आणि चुना यांची प्रक्रिया लवकर होते, तेलाच्या वाट्याला चुना उरत नाही. त्याचे पापुद्रे रसायनांच्या घाऊक दुकानात मिळतात.

हिशोब असा. १०० ग्रॅम १२-एचएसएला साधारण १२ ग्रॅम चुना लागतो. चुना म्हणजे विरवलेला, ताजा. कळीचा चुना घरी विरवला तर उत्तम, पण जुनं पोतं उघडं पडलेलं असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याची चुनखडी झालेली असते, ती आम्लाशी धड काम करत नाही, वजन भरतं आणि ग्रीस जमत नाही.

एक किलोसाठी १२० ग्रॅम आम्ल, साडेचौदा ग्रॅम चुना, बाकी तेल. तेलात दोन हिस्से एरंडेल आणि एक हिस्सा शेंगतेल इथून सुरुवात करा. अर्धं तेल जाड बुडाच्या, उंच भांड्यात घ्या, भांडं तिपटीनं मोठं पाहिजे कारण फेस येतो. आम्ल घालून ८०-८५ अंशाला विरघळू द्या. चुना थोड्या कोमट पाण्यात कालवून अगदी थोडा थोडा सोडा, ढवळत राहा. नव्वदच्या आसपास तासभर धरा. दाट होताना कळतं, पळीला ओढ लागते. मग हळूहळू १३० पर्यंत नेऊन पाणी उडवा, बुडबुडे थांबले की पाणी संपलं. आच बंद करा, उरलेलं तेल थोडं थोडं घालत ढवळत थंड करा. साठच्या खाली आलं की बारीक जाळीतून दाबून काढा, दोन-तीनदा काढलं तर गुळगुळीत येतं. कारखान्यात यासाठी मिल असते.

बेअरिंगला वापरतात ते दोन नंबर ग्रीस, मोजमापात (ठरावीक सुळका ग्रीसमध्ये किती रुततो ते, मिलिमीटरच्या दहाव्या भागांत) २६५ ते २९५. उघड्या दात्यांना एक नंबरही चालतं, ते ३१० ते ३४०. घट्ट झालं तर तेल वाढवा, पातळ झालं तर पुढच्या वेळी साबण वाढवा.

आणि आता नीट वाचा. शंभराच्या वर तापलेल्या तेलात पाणी किंवा ओला चुना कधीही ओतायचा नाही, सगळं भांडं अंगावर येतं. उघडी ज्योत नको, जाड लोखंडी पत्रा किंवा विजेची शेगडी घ्या, तापमापक हवाच. तेलानं पेट घेतला तर पाणी मारू नका, झाकण टाका आणि आच तोडा. डोळ्याला चष्मा. चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना. पोरं जवळ नकोत.

काहिलीवाला (कराड)

काका, एवढं लिहिलंत, लई उपकार. काहिलीपाशी माझं आयुष्य गेलं त्यामुळं आच आणि फेस ह्याची सवय आहे. पाणी उडाल्याचं गुळव्याला बघून कळतं तसं ह्यातही कळेल असं वाटतंय. चुना मात्र नवीन विरवतो.

सांगलीकर_पेठभाग

अवांतर : लहानपणी ज्या एरंडेलाच्या वाटीला बघून आम्ही माळ्यावर लपायचो त्याच एरंडेलावर पहिल्या महायुद्धातली विमानं उडत होती. फिरत्या सिलिंडरच्या त्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच घालत. एका प्रसिद्ध ऑइल कंपनीचं नावही कॅस्टरवरूनच पडलंय, कॅस्ट्रॉल.

औंधची_नात

म्हणजे आजोबांची बैलगाडी आणि विमान एकाच तेलावर! हे आईला वाचून दाखवते.

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

त्या विमानांत एरंडेल घ्यायचं कारण असं की ते पेट्रोलात सहज मिसळत नाही, त्यामुळं धुतलं जात नाही. हीच गोष्ट तुम्हाला उपयोगी आहे : एरंडेल खनिज तेलाशीही नीट मिसळत नाही. म्हणून जुनं काळं ग्रीस असलेल्या बुशावर नवीन भरू नका. आधी पूर्ण खरवडून, पुसून काढा. दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं एकत्र आली तर कधीकधी दोन्ही पातळ होऊन वाहून जातात.

शेंदरी_माती (जत)

मला एक विचारायचंय. फूड ग्रेड ग्रीस म्हणून पांढरं ग्रीस मिळतं की, ते सरळ का घेऊ नये? एवढा खटाटोप वाचेल.

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

घेऊ शकता, आणि ज्यांना करायचं नाही त्यांनी ते घ्यावंच. पण फूड ग्रेड आणि विघटनशील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरं ग्रीस बहुधा शुद्ध केलेल्या खनिज तेलाचं, साबण ॲल्युमिनियमचा किंवा कॅल्शियमचा. चुकून अन्नात गेलं तर चालावं म्हणून अमेरिकी नियमात त्याला दहा लाख भागांत दहा भाग अशी मर्यादा आहे. ते मातीत लवकर कुजेल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. उलट तुमचं एरंडेलाचं ग्रीस मातीत लवकर कुजेल, पण त्याला फूड ग्रेडचा शिक्का नाही, पिशवीवर तसं छापू नका. तुमचं सामान खाण्याच्या दर्जाचं आहे एवढंच म्हणता येतं.

कृष्णाकाठ (भिलवडी)

एवढ्या कौतुकात एक कडू बोलतो, राग नसावा. विघटनशील म्हणजे ओढ्यात सोडायची मोकळीक नव्हे. तेल मातीत असलं तर जिवाणू खातात, पण पाण्यात गेलं तर तेच जिवाणू खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, वर तवंग हवा आत येऊ देत नाही. आम्ही नदीकाठची माणसं, मासे वर आलेले बघितलेत, त्यावेळी पाण्यात ऑक्सिजनच नसतो. एरंडेलाचं ग्रीस असलं तरी चरक धुतलेलं पाणी नदीकडं जाता कामा नये.

रसायनताई (मिरज)

कृष्णाकाठ, अगदी बरोबर बोललात आणि हे बोललंच पाहिजे होतं. चाचणीत सहज विघटनशील म्हणजे २८ दिवसांत निदान ६० टक्के तेल कार्बन डायऑक्साइड होऊन जायला पाहिजे, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची ३०१-बी चाचणी. वनस्पती तेलं त्यात आरामात बसतात, खनिज तेलं सहसा बसत नाहीत. पण २८ दिवस म्हणजे एका रात्रीत नव्हे. चरकाखाली पत्र्याचा उथळ ट्रे ठेवा, ओघळलेलं ग्रीस चिपाडानं पुसा आणि ते चिपाड खतखड्ड्यात थरावर पसरा. धुण्याच्या पाण्यासाठी वाळू-चिपाडाचा छोटा खड्डा.

काहिलीवाला (कराड)

ट्रेचं लगेच करतो. हे आधी सुचायला हवं होतं असं पलीकडच्या गुऱ्हाळवाल्यालाही सांगितलं, तोही करतोय.

पाना_पकड (पलूस)

एक पंपाचं पण लिहितो, नदीकाठच्यांना उपयोगी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात जॅकवेलमधल्या (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीतल्या) मोटरी-पंप पाण्याखाली गेले. नंतर लोक कोरडं करून चालू करत होते आणि बेअरिंग जाळत होते. पाणी गेलेलं ग्रीस दुधासारखं दिसतं, ते सगळं काढून नवीन भरायचं असतं. पंपाच्या ग्लँडला (दांडा बाहेर येतो तिथं पाणी अडवायला) दोरी घालताना मात्र हे चुन्याचं एरंडेलाचं ग्रीस चांगलं बसेल असं वाटतं. तिथून थेंब थेंब पाणी पडत असतंच, आणि तो पंप पुढं पिण्याचं पाणी उचलत असला तर खनिज तेलापेक्षा हे बरं. बेअरिंगमध्ये नको, परत सांगतो.

उंदीरमामा (इस्लामपूर रोड)

शेंगतेल घातलेलं ग्रीस दात्यांवर, रात्रभर उघडं, गुऱ्हाळात. मुंग्या आणि उंदीर यांची सोय झाली म्हणायची. आमच्या शेडमध्ये तेलाच्या चिंध्यासुद्धा ओढून नेतात.

लाकडी_घाणा (विटा)

हा मुद्दा खरा आहे. शेंगतेल कमी करा, एरंडेलाला उंदीर सहसा तोंड लावत नाही. आणि डबा घट्ट झाकणाचा.

काहिलीवाला (कराड)

मंडळी, केलं. उशिरा लिहितोय कारण हंगाम जोरात आहे.

किलोभराची कढई केली, काकांच्या मापानं. आम्ल मिळवायला वेळ लागला, कोल्हापूरच्या दुकानातून मागवलं. चुना विरवून लगेच वापरला. नव्वदच्या जवळ असताना फेस काहिलीसारखाच वर चढला, उंच भांडं होतं म्हणून निभावलं. थंड झाल्यावर पिवळसर, लोण्यापेक्षा जरा घट्ट, बोटाला ओढलं की छोटी शेपटी येते. पाण्यात घालून तळहातावर चोळलं, दूध झालं नाही, ताईंनी व्यनित सांगितलेली परीक्षा.

बुश काढून जुनं काळं सगळं खरवडलं, त्यातच आमचा अर्धा दिवस गेला, इतकं आत बसलेलं होतं. मग हे भरलं. दात्यांवर चांगलं धरतं, पण दुपारनंतर परत लावावं लागतं, आधीचं सकाळी एकदा लावलं की दिवस जायचा. बुश हाताला कोमटच लागतात, तापत नाहीत. आणि जाळीवरचा तो काळा तेलकट पट्टा गेला. वडील पहिल्यांदा जाळी बघून काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी स्वतःच डबा घेऊन दात्यांना लावत होते.

खर्च बाजारच्या ग्रीसपेक्षा जास्त आहे हे खरं, एरंडेल आणि आम्ल दोन्ही महाग. पण हंगामाला चरकाला लागतं किती, गुळाच्या दहा ढेपांत तो खर्च दिसत नाही.

आता दोन प्रश्न. दात्यांवर जास्त टिकावं म्हणून काय करू? आणि डबा किती दिवस चांगला राहतो?

निवृत्त_ग्रीसवाला (विश्रामबाग)

वा! फार आनंद झाला वाचून. दात्यांसाठी शेंगतेल काढून टाका, पूर्ण एरंडेल घ्या, दाटी वाढेल. दाबासाठी कारखान्यात ग्राफाइट घालतात, ते काळं, तुम्हाला नको. अगदी बारीक, खाण्याच्या दर्जाची कॅल्शियम कार्बोनेटची पावडर पाच टक्क्यांच्या आत मिसळून बघा, पांढऱ्या ग्रीसमध्ये ती वापरतात. खडबडीत खडू नको, तो बुश घासेल.

डब्याचं म्हणाल तर एकदम वर्षाचं करू नका. महिन्याला लागेल तेवढंच करा, डबा काठोकाठ भरा म्हणजे वर हवा कमी, सावलीत ठेवा. तेल गरम असताना नव्हे, थंड होताना थोडं व्हिटॅमिन ई घातलं तर आंबणं लांबतं. आंबट, खवट वास आला तर चरकाला लावायचं नाही.

रसायनताई (मिरज)

एक सोपी परीक्षा. तांब्याच्या तारेचा तुकडा घासून चकचकीत करा, डब्यातल्या थोड्या ग्रीसमध्ये खोचून चुलाणाजवळ उबदार जागी रात्रभर ठेवा. सकाळी पुसून बघा. चकाकी राहिली तर ग्रीस वापरा, हिरवी किंवा काळी पडली तर तो डबा गनमेटलला नको, बाहेरच्या दाराच्या बिजागरीला लावून संपवा.

काहिलीवाला (कराड)

ही तारेची परीक्षा आजच लावतो. पूर्ण एरंडेलाची कढई ह्या आठवड्यात.

पाना_पकड (पलूस)

लाटेच्या दोन्ही बाजूंचे बुश सारखे घासतात का बघत जा. मोटरच्या बाजूचा नेहमी जास्त जातो. हंगाम संपल्यावर दोन्ही काढशील तेव्हा फोटो टाक, आतल्या पट्ट्यावर चरे आहेत का गुळगुळीत आहे त्यावरून सांगतो, ग्रीस पुरलं का नाही ते. आणि यायचं असेल तर घेऊन ये, कॅलिपर लावून मोजून देतो.